शेजारचा तळ्यांचा मुलूख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या महिन्यात सहलीची बैठक झाली, ती आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या स्मरणात असेल. कोणी चिखलदरा म्हणाल्या, कोणी पचमढी. मी भीतभीत भंडाऱ्याकडचे नाव काढले, तेव्हा मागच्या सतरंजीवरून आवाज आला, "तिकडे काय आहे? तळी आणि धान!" सगळ्या हसल्या, मीही हसले. मात्र चिटणीसबाईंनी ती गोष्ट तेवढ्यावर सोडली नाही. "मग वर्धापनदिनाला तुम्हीच सांगा काय आहे ते," असे म्हणून त्यांनी मला आज येथे उभे केले. मी काही वक्ती नव्हे. माझे माहेर साकोलीकडचे, एवढाच माझा अधिकार.

तळी आणि धान हे उत्तर तसे चूक नाही. नंदनवनातून निघावे, पारडीवरून मोठा रस्ता धरावा, कन्हान ओलांडावी, मौदा मागे टाकावा, की संत्र्याच्या आणि कापसाच्या मुलखाची सवय झालेल्या डोळ्यांना वेगळे दिसू लागते. शेते लहान होतात, त्यांना चारी बाजूंनी बांध येतात, रस्त्याकडेला बगळे उभे असतात. साठ किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी भंडारा. पुढे लाखनी, साकोली, देवरी. उत्तरेला तुमसर, तिरोडा, गोंदिया. दक्षिणेला पवनी, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव. हा सारा मुलूख एकच जिल्हा होता. 1 मे 1999 रोजी त्यातून गोंदिया वेगळा झाला. कागदावर दोन जिल्हे झाले, पण तळ्यांनी काही वाटणी करून घेतली नाही. वरच्या तळ्याचे पाणी खालच्या तळ्यात अजूनही उतरतेच.

आता मला जे मुख्य सांगावयाचे आहे ते येथेच सांगून टाकते. ही तळी देवाने दिलेली नाहीत. काश्मीरची किंवा नैनीतालची सरोवरे निसर्गाने केली; आमच्याकडची माणसांनी केली. मातीची टोपली डोक्यावर घेऊन केली. त्यांत बायकांच्या टोपल्या किती असतील, ते कोणी लिहून ठेवले नाही.

तुम्ही विचाराल, तिकडे पाऊस नागपुराहून जास्त, मग तळ्यांची गरज काय? गरज धानाची आहे. जमीन उंचसखल, खाली कठीण खडक, त्यामुळे पडलेले पाणी उतारावरून निघून जाते. आषाढ-श्रावणात पऱ्हे रोवावे, शेत हिरवेगार व्हावे, आणि भाद्रपदाच्या शेवटी पाऊस पाठ फिरवतो. नेमक्या त्याच वेळी धान पोटरीत येते. त्या पंधरा-वीस दिवसांत एक पाणी मिळाले तर वर्षाचे जेवण, नाही तर तणस. ते एक पाणी साठवावयाचे म्हणून दोन टेकड्यांमधली खिंड मातीच्या पाळीने बांधून काढली. जेथे टेकड्या नव्हत्या तेथे शेताच्या डोक्याशी लहान बोडी काढली. वर जंगल, त्याखाली तळे, तळ्याखाली धानाचे बांध, त्याखाली दुसरे तळे, अशी ही उतरंड. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत अशी साडेसहा हजारांहून अधिक जुनी मालगुजारी तळी मोजलेली आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे ते चार जिल्हे.

ती बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. गोंड राजाने फर्मान काढले की जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन मिळेल, अशी परंपरा सांगतात. नवेगावबांधचे तळे कोलू पाटील कोहळी ह्याने अठराव्या शतकात बांधले असे म्हणतात. त्या कोलूचा पुढे कोलासूर देव झाला आणि तळ्याकाठच्या टेकडीवर त्याचे ठाणे आहे. भोवतालच्या डोंगरशिखरांना सात बहिणी म्हणतात. बांध घालताना ह्या बहिणींनी कोलूला मदत केली, अशी तिकडे समजूत आहे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्या बहिणी देवीच वाटत. आता वाटते, कोण जाणे, गावातल्याच सात जणी असतील. पाटलाचे नाव राहिले आणि ह्यांचे डोंगर झाले.

पुढे मालगुजारी आली. गावाचा मालगुजार तळ्याची डागडुजी करी, म्हणजे गावाकडून करवून घेई. त्या काळाचे गोडवे गाणारे म्हातारे मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. बेगार होती, मारपीट होती, आणि पाणी आधी कोणाच्या शेतात जाई हे सांगावयास नको. परंतु पाळीला उंदराचे बीळ पडले तर ते कोणी बुजवावयाचे, हे मात्र गावात प्रत्येकाला ठाऊक होते. 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे चांगलेच झाले. तळी सरकारकडे आली. सरकार काही उंदराचे बीळ पाहावयास रोज पाळीवर येऊ शकत नाही. गाव म्हणू लागले, तळे सरकारचे. मालक बदलला आणि राखणदार कोणीच उरला नाही. गाळ चढत गेला, पाळीवर झाडे उगवून त्यांच्या मुळांनी भगदाडे पाडली, काठाने बेशरमाची झुडपे माजली. मी लग्न होऊन नागपुरास आले तेव्हा ज्या तळ्यात आम्ही पोहावयास शिकलो, त्यात काही वर्षांनी उन्हाळ्यात पोरे क्रिकेट खेळताना मी पाहिली.

हे वाचून निराश होऊ नका, कारण पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तळ्यावर ज्यांचे पोट, ते ढिवर बांधव. मासे, शिंगाडा, कमळाचे कंद ह्यांवर त्यांची गुजराण. तळी बिघडली तसे गावठी मासे दिसेनासे झाले. बाहेरून आणलेले बीज सोडून उत्पन्न काढावयाचे, पण त्या माशांत आणि घरच्या कालवणात पूर्वीची चव नाही. अर्जुनी मोरगावकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ह्या संस्थेने ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थांबरोबर काम आरंभिले. म्हाताऱ्या माणसांना विचारले, पूर्वी ह्या तळ्यात पाण्याखाली कोणकोणते गवत होते? कोणता मासा कशात अंडी घाली? मग बेशरम उपटून काढला, ती जुनी पाणवनस्पती दुसऱ्या तळ्यांतून आणून चिखलात लावली. हे काम करण्यास कंबरभर पाण्यात उतरल्या त्या बहुतेक बायका. गवत आले, तसे गावठी मासे परत आले, आणि माशांमागे पाखरे आली. ज्या बायकांना मच्छीमार संस्थेच्या बैठकीत बसावयास जागा नव्हती, त्या आता तेथे हिशेब विचारतात.

आता राहण्याविषयी. आपल्यापैकी कितीतरी घरे भंडारा-गोंदियाकडून येथे आलेली आहेत, आणि निवृत्तीनंतर गावी जाऊन राहावे असे पुष्कळ जणींच्या घरी बोलले जाते. तेव्हा खरे ते सांगते. हवा चांगली, भाजी ताजी, तांदूळ घरचा. चिन्नोरचा भात रटरटू लागला की त्याचा वास अंगणापर्यंत येतो. पण रात्री दुखणे निघाले तर गाडी शोधावी लागते, आणि मोठे दुखणे असले तर ती गाडी शेवटी नागपुरासच येते. शिकलेल्या मुलाला गावात काम नाही. पुण्याला जाणारी पोरे गणपतीला येतात आणि गौरी उठायच्या आत जातात.

माझ्या वहिनीची गोष्ट सांगू का? भाऊ वारल्यावर ती गावी एकटी राहते. मुले पुण्यात. तीन एकर धान आणि शेताच्या डोक्याशी एक बोडी. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ मोटारीतून आले. शेतात काय पिकते हे त्यांनी विचारलेच नाही. रस्ता किती फुटांचा आहे आणि तळे किती दूर आहे एवढे विचारले. त्यांना तेथे प्रवाशांसाठी राहण्याच्या खोल्या बांधावयाच्या होत्या. भाव असा सांगितला की माझ्या भाच्यांचे डोळे दिपले. सहीपुरते मलाही बोलावले होते, कारण सातबाऱ्यावर माझे नाव आहे. खरे सांगते, त्या आकड्याने माझेही मन हलले होते. आमच्या येथील घराचे कर्ज अजून फिटावयाचे आहे.

वहिनी कागद पुढे ओढण्याआधी म्हणाली, "अन् बोडीचं काय करसान?" ते गृहस्थ म्हणाले, बोडी बुजवू, तेथे गाड्या उभ्या करण्याची सोय होईल. वहिनी म्हणाली, "बोडी बुजवली त खालच्या चार घरच्यांनी काहून पेरावं?"

त्या क्षणापर्यंत मी आमच्या जमिनीकडे आमची जमीन म्हणूनच पाहत होते. आमची बोडी भरून सांडली म्हणजे खालच्या चार शेतांना पाणी मिळते, आणि आमची बोडी भरते ती वरच्याची पाळ शाबूत असली म्हणून. तेथली जमीन सुटी विकता येत नाही. तिच्यामागे पाणी येते, आणि पाण्यामागे शेजारी येतात. सौदा झाला नाही. भाचे रागावले, त्यातला एक अद्याप माझ्याशी नीट बोलत नाही. वहिनीने शेत खालच्याच शेजाऱ्याला ठेक्याने दिले. ठेक्याचे पैसे थोडे कमी घेतले, आणि त्याने दर उन्हाळ्यात बोडीतला गाळ काढून शेतात टाकावा असे ठरले. आम्ही चूक केली की बरोबर, ह्यावर आमच्या घरी अजून वाद होतात.

उद्योगाचे मोठे आकडे मी सांगणार नाही. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजची मोठी खाण आहे, गडेगावला मोटारींचा, वरठीला पोलादाचा कारखाना आहे, गोंदिया-तुमसरला धानाच्या गिरण्या आहेत. तेंदूपानावर आणि विड्यांवर तर बायकांच्या पिढ्या गेल्या. घरबसल्या काम म्हणून ते बरे, पण खांदे आणि छाती दोन्ही खाते. भंडाऱ्याचे नावच मुळी भाण्यावरून, म्हणजे पितळेच्या भांड्यावरून पडले असे म्हणतात. तेथली पितळी भांडी आपल्या आयांच्या रुखवतात असत. स्टील आले आणि कासारांची घरे बसली. हल्ली पितळेच्या कढईचे कौतुक पुन्हा ऐकू येते. कौतुक करणाऱ्यांनी ती कोठे ठोकली हेही विचारावे.

पण मला सांगावयाचे आहे ते टसरविषयी, कारण त्यात आपला हात आहे, म्हणजे आपले पाकीट आहे. टसरचा किडा तुतीवर वाढत नाही. तो उघड्या रानात ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. ढिवर बांधव हे कोसे राखतात. पाखरे आणि मुंग्या ह्यांपासून सांभाळीत दिवस दिवस झाडाखाली बसावे लागते. ह्या टसरची भंडाऱ्याकडे करवतकाठी साडी विणतात. काठाला करवतीसारखे दाते असतात. काठ आणि अंग ह्यांचे धागे एकमेकांत गुंतवावयाचे असल्यामुळे तीन धोटे चालवावे लागतात, एका माणसाच्या हातून ते काम भराभर होत नाही. म्हणून ती महाग पडते. मी एकदा येथील एका दुकानातून स्वस्तात करवतकाठी घेतली आणि आठ दिवस मिरवली. मग पदराचा एक धागा ओढून पेटवून पाहिला. खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरली जाते. माझा धागा वितळला आणि त्याची काळी गोळी झाली! ती साडी मी अजून जपून ठेवली आहे, माझ्या शहाणपणाचे प्रशस्तिपत्र म्हणून. साडी घेण्यापूर्वी एक धागा मागून घ्या. द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊ नका.

आता पाहावयाचे. पवनीला जुन्या गावाच्या तटाबाहेर 1969-70 साली उत्खनन झाले आणि बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. तेथून जवळच गोसीखुर्दचे धरण. त्याची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी झाली. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसे आपल्या भागातही भाड्याने राहत असतील. नागझिऱ्याचे जंगल 1970 साली अभयारण्य झाले, आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प आहे. वाघ दिसेलच असे मी सांगत नाही. मला चार खेपांत एकदाही दिसला नाही. गोठणगावकडे 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, त्यांचे मंदिर पाहण्यासारखे आहे.

तथापि सर्वांत आधी नवेगावबांध. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे पाणी, आणि भोवती त्या सात बहिणी. वनाधिकारी मारुती चितमपल्ली येथे राहिले आणि त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिले. 2025 साली ते गेले. पुस्तक आपल्या वाचनालयात नसेल तर चिटणीसबाईंनी ह्याच वर्षी घ्यावे. हिवाळ्यात पहाटे पाण्यावर धुके असते, आणि परदेशी बदके उठली की त्यांच्या पंखांचा आवाज आधी येतो, बदके मागून दिसतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानशेतांत सारस आहेत. महाराष्ट्रात ते एवढ्याच भागात उरले, आणि तेही मोजकेच. जवळजवळ माणसाएवढा उंच पक्षी, जोडीने राहतो, धानातच घरटे घालतो. घरट्यापायी शेतकऱ्याचा धानाचा तुकडा वाया जातो, तरी पुष्कळ शेतकरी ते घरटे राखतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटके चालतात. त्या वेळी गेलात तर झोपेची आशा सोडून जा.

अंभोऱ्याचे नाव मी मुद्दाम मागे ठेवले. कुही तालुक्यात वैनगंगा आणि कन्हान जेथे भेटतात तेथे चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' येथेच रचला असे विदर्भातले लोक अभिमानाने सांगतात. आंबेजोगाईचे लोक ते मान्य करीत नाहीत. अलीकडे तेथे केबलांवर तोललेला मोठा पूल झाला, आणि रविवारी माणसांची रीघ लागते. मीही गेले. पुलावरून पाणी फार सुंदर दिसते, अथांग. खाली काठावर उतरले तेव्हा एक म्हातारा नावाडी भेटला. कोठून आलात म्हणाला. मी म्हटले नागपूर, नंदनवन. तो म्हणाला, "म्हणजे नाग नदीवाले!"

मला आधी अर्थ लागला नाही. मग लागला, आणि त्याच्याकडे पाहवेना. आपली नाग नदी लाव्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीतून शहरात येते आणि आपल्या वस्तीजवळून पूर्वेकडे जाते. आपण तिला नदी म्हणत नाही, नाला म्हणतो. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी भरून सांडला आणि ती घरांत शिरली, तेव्हा एक दिवस आपल्याला ती नदी आहे हे आठवले. ती पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सर्व पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन थांबते. म्हणजे माझ्या नंदनवनातल्या मोरीचे पाणी माझ्या माहेरच्या मुलखात पोचते. मी सासरी आल्याला इतकी वर्षे झाली; माहेरी पाठवावयास मला हेच मिळावे! नदी स्वच्छ करण्याची सुमारे 1,900 कोटी रुपयांची योजना मंजूर आहे. ती पुरी होईल तेव्हा होईल. पण गणपतीचे निर्माल्य, जुन्या गाद्या, फाटकी उशी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पुलावरून खाली सोडावयास कोणत्याही योजनेने सांगितलेले नाही. आपल्याच गल्लीतून त्या जाताना मी पाहिल्या आहेत. त्यातल्या काही पिशव्या माझ्या घरच्याही असतील. आमच्याकडे मालगुजारी गेल्यावर तळे सरकारचे झाले आणि गाव मोकळे झाले, असे मी मघाशी गावाला नावे ठेवून सांगितले. येथे आपण तरी वेगळे काय करतो?

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. मंडळातर्फे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाच-पाच जणींनी पुलापाशी तासभर उभे राहावे. कोणाशी भांडण करावयाचे नाही. पिशवी घेऊन येणाऱ्याकडून ती हातात मागून घ्यावयाची आणि कचऱ्याच्या गाडीत द्यावयाची. पहिल्या पाचांत माझे नाव लिहा. नंतर कंटाळा येईल हे मला ठाऊक आहे, म्हणून पाळी लावून टाका.

सहलीचे तर ठरवूनच टाकू. डिसेंबरात जावे, धान कापून झालेले असते आणि पाखरे आलेली असतात. पहाटे पाचला निघाले तर भंडाऱ्याला चहा, साकोलीला न्याहारी आणि दहाच्या आत नवेगावबांध. राहावयाचे असल्यास तेथील खोल्या आधी सांगून ठेवाव्या लागतात. स्वेटर न्या, पाण्यावरचा वारा झोंबतो. परतीच्या वाटेवर माझ्या वहिनीकडे सगळ्यांचे जेवण आहे. तिने आताच निरोप पाठवला आहे, किती जणी ते आठ दिवस आधी कळवा म्हणून. बोडीतले शिंगाडे तेव्हा निघालेले असतील. करवतकाठी घेणाऱ्या बायकांनी पैसे निराळे बांधून घ्यावे आणि काड्यापेटी बरोबर ठेवावी.